मंगळवारचा शब्बात

यहुदी माणसाचा शब्बात, म्हणजे आठवड्याचा पवित्र विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो. माझ्या वर्गात तो मंगळवारी सकाळी साडेदहाला लागला. त्या एका तासामुळे पुढच्या वर्षाची आखणी मला मुळापासून बदलावी लागली. ते सगळं इथे क्रमाने मांडते आहे.

मी इंग्लंडमधल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत शिकवते. वर्ग नऊ-दहा वर्षांच्या मुलांचा, आणि शाळेतल्या ‘रिलिजस एज्युकेशन’ या विषयाची जबाबदारीही माझ्याकडे. मराठी वाचकाला या विषयाचं नवल वाटेल म्हणून थोडी पार्श्वभूमी देते. 1944 च्या शिक्षण कायद्याने इथल्या सरकारी शाळांत धर्मशिक्षण सक्तीचं केलं, आणि मुलाला त्यातून काढून घेण्याचा हक्क पालकांना दिला. 1988 च्या कायद्याने नव्या अभ्यासक्रमांवर बंधन घातलं: देशातली धर्मपरंपरा मुख्यतः ख्रिस्ती आहे हे त्यांत दिसावं, पण इतर प्रमुख धर्मांची शिकवण आणि आचारही विचारात घेतले जावेत. हा विषय राष्ट्रीय अभ्यासक्रमात नसतो. तो प्रत्येक भागात स्थानिक पातळीवर ठरतो, आणि ठरवणाऱ्या समितीत चर्चचे, इतर धर्मांचे, शिक्षकांचे आणि स्थानिक प्रशासनाचे प्रतिनिधी बसतात. मुलांना श्रद्धावान करणं हा यामागचा हेतू नाही. शेजारचा माणूस कशावर विश्वास ठेवतो आणि का ठेवतो, हे मुलांना नीट कळावं एवढ्यासाठी हा तास आहे.

माझ्या वर्गात त्या वर्षी एक यहुदी मुलगी होती. एकटीच. 2021 च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये साधारण 2,71,000 लोकांनी आपला धर्म यहुदी असं नोंदवलं. हे प्रमाण लोकसंख्येच्या अर्धा टक्का. त्यातलेही बहुतेक लंडन आणि मँचेस्टरच्या आसपास राहतात. त्यामुळे माझ्या वर्गातल्या बाकीच्या मुलांनी यहुदी माणूस ओळखीचा म्हणावा, तर तो या मुलीच्या रूपानेच. आम्ही सहा तासांत जे शिकवू, त्यावर त्यांची कित्येक वर्षांची समजूत उभी राहणार होती.

तो तास

आखणी मला जुन्या फाइलमधून मिळाली होती. अब्राहम, मोशे, दहा आज्ञा, सिनेगॉग (यहुदी प्रार्थनामंदिर), शब्बात, आणि शेवटी वल्हांडण (इजिप्तच्या गुलामीतून सुटकेचा सण) व येशूचं शेवटचं भोजन. पहिल्या तीन तासांच्या टिपणांवर ‘जुना करार’ असं शीर्षक होतं. मी ती वाचली, मला ती व्यवस्थित वाटली आणि मी वापरली. चूक माझी होती.

शब्बातच्या तासाला मी टेबल मांडलं. पांढरं कापड, बॅटरीवरच्या दोन मेणबत्त्या, द्राक्षाचा रस, झाकून ठेवलेले खल्ला पावाचे दोन वेढे. कोणी वडील झालं, कोणी मुलं. आईच्या भूमिकेसाठी मी त्या मुलीकडे पाहिलं आणि म्हणाले, “तुला तर हे सगळं माहीतच आहे.” ती उठली, मेणबत्त्यांपर्यंत आली, आणि “मिस, मी टॉयलेटला जाऊ?” म्हणून निघून गेली. तास संपेपर्यंत परतली नाही. तिच्या जागी दुसरी मुलगी उभी राहिली, कागदावरचं हिब्रू आशीर्वचन सगळ्यांनी मोठ्याने म्हटलं, आणि मुलांना तास फार आवडला. त्या दिवसाच्या नोंदीत मी ‘उत्तम सहभाग’ असं लिहिलं आहे.

दुसऱ्या दिवशी तिची आई भेटायला आली. ती रागावलेली नव्हती. बसल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, “त्या कागदांचं काय केलंत?”

कागद रद्दीच्या पेटीत होते. त्यांवर हिब्रू अक्षरांत देवाचं चार अक्षरी नाव छापलेलं होतं. आधीच्या एका तासाला तर मी तेच नाव फळ्यावर लिहून, त्याचा उच्चार मुलांकडून घोकून घेऊन, डस्टरने पुसून टाकलं होतं. तिने मला शांतपणे सांगितलं, की हे नाव यहुदी परंपरेत उच्चारत नाहीत. प्रार्थनेत त्या जागी ‘अदोनाय’ म्हणतात, एरवीच्या बोलण्यात नुसतं ‘हाशेम’, म्हणजे ‘ते नाव’. ते ज्यावर लिहिलं आहे तो कागद फेकत नाहीत. गेनिझात, म्हणजे अशा जुन्या पवित्र कागदांच्या कोठीत, जमा करतात आणि पुढे दफन करतात. कैरोच्या एका सिनेगॉगच्या गेनिझात शतकानुशतकं असे कागद साठत गेले आणि त्यातले जवळजवळ दोन लाख तुकडे आज केंब्रिज विद्यापीठात आहेत, हे मी कधीतरी वाचलेलं होतं. वाचलेलं आणि माझ्या रद्दीच्या पेटीतलं यांची गाठ मी घातली नव्हती. आम्ही दोघींनी गुडघ्यावर बसून ते कागद वेगळे काढले. ती ते पिशवीत घालून सिनेगॉगला घेऊन गेली.

जाण्यापूर्वी तिने आणखी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली आशीर्वचनाबद्दल. ते त्या-त्या कृतीसाठी, त्या-त्या वेळी म्हणायचं असतं; देवाचं नाव घालून ते निष्कारण म्हणू नये असा दंडक आहे. मंगळवारी सकाळी बॅटरीच्या दिव्यांपुढे ते म्हणायला तिची मुलगी तयार होणं शक्यच नव्हतं, आणि सगळ्यांसमोर नाही म्हणण्याचं धैर्य नऊ वर्षांच्या मुलीकडून मागणं बरोबर नव्हतं. दुसरी गोष्ट ऐकून मला जास्त लागलं. मुलगी घरी येऊन म्हणाली होती, “आई, सगळे आपल्याबद्दल ‘होते’ असं का म्हणतात?”

फाइल पुन्हा वाचताना

त्या संध्याकाळी मी सगळी टिपणं क्रियापदांकडे बघत वाचली. ‘यहुदी लोक शनिवारी काम करत नसत.’ ‘ते सिनेगॉगमध्ये जमत.’ पहिल्या तासापासून शेवटच्यापर्यंत भूतकाळ. वर्गातल्या मुलांनी सुरुवातीला ‘मला काय माहीत आहे’ म्हणून लिहिलेल्या चिठ्ठ्या काढल्या. त्यांत मोशे होता आणि हिटलर होता. मधली तीन हजार वर्षं आणि आजचा दिवस नव्हता. फाइलने तीच समजूत पक्की केली होती. 1290 मध्ये पहिल्या एडवर्डने यहुद्यांना इंग्लंडमधून हाकललं आणि 1656 मध्ये क्रॉमवेलच्या काळात ते उघडपणे परत राहू लागले, हे त्यात नव्हतं. लंडनच्या बेव्हिस मार्क्स सिनेगॉगमध्ये 1701 पासून आजतागायत प्रार्थना चालू आहे, हेही नव्हतं.

‘जुना करार’ हे शीर्षकही तसंच. नवा करार मानणाऱ्यालाच दुसरा करार जुना वाटतो. यहुद्यांसाठी तो तनाख आहे: तोरा (मोशेचे पाच ग्रंथ), संदेष्टे, लेखन असे तीन भाग. ग्रंथ बहुतांशी तेच, पण क्रम वेगळा, आणि क्रमाने अर्थ पालटतो. ख्रिस्ती बायबलमधला जुना करार मलाखीवर संपतो, एलीया येणार असं सांगून, आणि पान उलटलं की शुभवर्तमान सुरू होतं. तनाख इतिहास ग्रंथावर संपतो: इराणचा राजा कोरेश बंदिवासातल्या लोकांना यरुशलेमला परत जायची मुभा देतो. एका मांडणीत पुढच्या ग्रंथाची वाट पाहणं आहे, दुसरीत घरी परतणं. पहिली मांडणी ‘यहुद्यांचा ग्रंथ’ म्हणून शिकवली, तर यहुदी धर्म म्हणजे ख्रिस्ती धर्माची प्रस्तावना एवढंच मुलांच्या हाती लागतं.

अशी फाइल कोणी दुष्टपणाने बनवलेली नसते. 1967 मध्ये लँकेस्टर विद्यापीठात निनियन स्मार्ट यांच्या नेतृत्वाखाली धर्माभ्यासाचा विभाग सुरू झाला. धर्माकडे बाहेरून न्यायनिवाडा न करता, त्याचे विधी, कथा, अनुभव, वस्तू यांतून समजून घेत पाहावं, ही दृष्टी तिथून शाळांपर्यंत पोचली. 1975 च्या बर्मिंगहॅमच्या अभ्यासक्रमाने अनेक धर्मांना खरोखर जागा दिली. मी या पिढीची मनापासून ऋणी आहे. ते नसते तर माझ्यासारख्या शिक्षिकेला या विषयात स्थान नसतं. पण त्या दृष्टीचं वर्गात येईतो एका पेटीत रूपांतर झालं. किप्पा (डोक्यावरची छोटी टोपी), मेणबत्तीदाण्या, छापील तोरेची छोटी गुंडाळी, आणि मेझुझाचं रिकामं कवच. दारावर लावतात त्या मेझुझात चर्मपत्रावर हाताने लिहिलेले तोरेतले उतारे असतात, ‘ऐक, हे इस्राएला’ पासूनचे. कवच हे फक्त आवरण. आमच्या पेटीतल्या कवचात काही नव्हतं, आणि आम्ही मुलांना त्यालाच मेझुझा म्हणायला शिकवत होतो.

नव्याने

पुढच्या वर्षी, तीच मुलं एक इयत्ता पुढे गेल्यावर, मी मुख्याध्यापकांकडून पाच तास मागून घेतले. आखणी करताना स्थानिक सिनेगॉगच्या शिक्षण-स्वयंसेविकेला बोलावलं आणि तिच्यापुढे जुनी फाइल ठेवली. ती वाचून ती म्हणाली, “यात आमची भांडणं कुठे आहेत?”

हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून दुसरा, तिसरा आणि चौथा असे तीन तास मी वादाला दिले. दोन-दोन मुलांच्या जोड्या केल्या. यशिवात, म्हणजे यहुदी धर्मग्रंथांच्या पाठशाळेत, विद्यार्थी जोडीने बसून एकच उतारा मोठ्याने वाचतात आणि एकमेकांना अडवतात, तसं. उतारा साधा: सातव्या दिवशी काम करू नये. प्रश्नही साधा: काम म्हणजे काय? मिश्ना या यहुदी नियमांच्या जुन्या संग्रहात याची 39 प्रकारांची यादी आहे. पेरणं, शिवणं, विस्तव पेटवणं, दोन अक्षरं लिहिणं. मुलं पंधरा मिनिटांत तिथे पोचली जिथे रब्बी, म्हणजे यहुदी धर्मपंडित, पोचले होते. दिव्याचं बटण दाबणं हा विस्तव आहे का? चित्र काढणं लिहिण्यात मोडतं का? दमवणारा खेळ चालतो, मग न दमवणारं लिहिणं का नाही? एका मुलाने घाबऱ्या आवाजात विचारलं, “आजी पडली तर फोन करायचा नाही?” करायचाच, जीव वाचवण्यापुढे शब्बात बाजूला ठेवायचा, नव्हे ठेवलाच पाहिजे, असा परंपरेचाच नियम आहे. त्या उत्तरानंतर तो पुन्हा वादात उतरला.

मग हनुक्का या आठ दिवसांच्या दिव्यांच्या सणातला वाद घेतला. शम्माई आणि हिल्लेल हे दोन जुने रब्बी. शम्माईच्या शिष्यांचं म्हणणं, पहिल्या दिवशी आठ दिवे लावा आणि रोज एक कमी करा. हिल्लेलच्या शिष्यांचं म्हणणं, एकापासून सुरू करून आठवर न्या, कारण पावित्र्यात चढत जावं, उतरू नये. आचार हिल्लेलप्रमाणे चालतो. पण तलमूदने, म्हणजे मिश्ना आणि तिच्यावरच्या चर्चेच्या ग्रंथाने, शम्माईचं मत खोडलं नाही, शेजारी जपून ठेवलं. हरलेलं मत कशाला लिहून ठेवायचं, यावर मुलं बराच वेळ बोलली. “पुढे कोणाला तरी ते पटेल म्हणून,” असं एकीने म्हटलं, आणि मला तिथे भर घालावीशी वाटली नाही.

तलमूदचं पान मी मोठं करून भिंतीवर लावलं. मधे मिश्ना आणि गेमारा (मिश्नावरची चर्चा), एका बाजूला अकराव्या शतकातल्या फ्रान्सच्या राशींचं भाष्य, दुसऱ्या बाजूला त्यांच्याशी वाद घालणाऱ्या तोसाफोतकारांचं. सोळाव्या शतकात व्हेनिसमध्ये डॅनिएल बोम्बर्ग या ख्रिस्ती मुद्रकाने ही मांडणी रूढ केली, आणि ती आजही तशीच आहे. मुलांनी आपापलं पान केलं: मधे ‘काम म्हणजे काय’, भोवती एकमेकांची टिपणं. या धर्मातल्या वस्तू दाखवण्याऐवजी त्याची विचार करायची पद्धत मुलांना हाताळायला दिली, हा माझ्या मते या साऱ्या बदलाचा गाभा. आणि यात कोणालाही दुसऱ्याची प्रार्थना म्हणावी लागत नाही.

दुसरा नियम भाषेचा. ‘यहुदी लोक असं करतात’ हे वाक्य वर्गात बंद केलं. ‘काही’, ‘बरेच’, ‘बहुतेक’, ‘या कुटुंबात’ यांपैकी एक शब्द प्रत्येक वाक्याला लावायचा, मीसुद्धा. ऑर्थोडॉक्स आणि रिफॉर्म कुटुंबांतला फरक त्यामुळे आपोआप पुढे आला. याच तासाला मी 1874 साली पुण्यात छापलेल्या हग्गादाचं चित्र दाखवलं. हग्गादा म्हणजे वल्हांडणाच्या रात्री घरी वाचायची पोथी. ही हिब्रू आणि मराठीत आहे, आणि तिच्यातल्या चित्रात साड्या नेसलेल्या बायका सणाची बेखमिरी भाकर तयार करताहेत. कोकणात तेलाचा घाणा चालवणारे आणि शनिवारी तो बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ ठरलेले बेने इस्रायल लोक मराठी वाचकाला नवे नाहीत. माझ्या वर्गाला मात्र काळी टोपी आणि दाढी यापलीकडचा यहुदी माणूस त्या दिवशी पहिल्यांदा दिसला. “ही तुमची भाषा आहे का, मिस?” असं एकाने विचारलं. हो म्हणताना मला आनंद झाला.

दोन अवघड प्रश्न

सहल सिनेगॉगची होती. एका पालकाने मुलाला पाठवलं नाही. तो त्यांचा कायदेशीर हक्क, आणि मी त्या मुलासाठी शाळेत वेगळं काम ठेवलं. आत मुलांनी तोरेची खरी गुंडाळी पाहिली. 3,04,805 अक्षरं, चर्मपत्रावर पिसाच्या लेखणीने हाताने लिहिलेली. वाचताना बोट लावत नाहीत, चांदीची छोटी कांडी फिरवतात. शब्बातच्या प्रार्थनेत इथल्या राजघराण्यासाठी इंग्रजीत प्रार्थना म्हणतात, याचं मुलांना सगळ्यात आश्चर्य वाटलं.

पण परतताना बसमध्ये चर्चा होती ती दारावरच्या पहारेकऱ्याची. चर्चच्या सहलीत पहारेकरी नव्हता, मग इथे का? मी हे टाळू शकले असते. मी सांगितलं, की काही लोक यहुद्यांचा द्वेष करतात, पूर्वीही करत, आणि म्हणून ते आपल्या प्रार्थनास्थळांची काळजी घेतात. “इथे, इंग्लंडमध्ये?” हो, इथे. दूरच्या देशातल्या लढाईबद्दल घरी ऐकलेलं एक वाक्य एका मुलाने उच्चारलं. मी त्याला गप्प केलं नाही. युद्धाबद्दल लोकांची मतं वेगवेगळी असतात आणि त्यावर बोलता येतं. पण एखाद्या सरकारच्या कृतीचा जाब आपल्या गावातल्या मुलाला किंवा आजीला विचारायचा नाही, एवढं सांगितलं. राजकीय वादात शाळेने एकच बाजू मांडू नये असा कायदा इथे आहे. तो पाळूनही ही दुसरी गोष्ट ठामपणे सांगता येते आणि सांगितलीच पाहिजे, असं माझं मत आहे.

दुसरा प्रश्न ईस्टरच्या आधी आला. “यहुद्यांनीच येशूला मारलं ना?” विचारणारा मुलगा निरागस होता, आणि म्हणूनच उत्तर स्पष्ट हवं होतं. क्रूसावर चढवणं ही रोमन शिक्षा, ती देणारा पंतय पिलात हा रोमन सुभेदार. येशू यहुदी, त्याची आई यहुदी, शिष्य यहुदी. हा आरोप शतकानुशतकं यहुद्यांवर हल्ले करायला वापरला गेला, आणि 1965 मध्ये कॅथलिक चर्चने अधिकृतपणे सांगितलं की येशूच्या मृत्यूचा दोष त्या काळच्या सगळ्या यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर लादता येत नाही. मी हे सगळं दहा वर्षांच्या मुलांना सांगितलं. त्यांना ते समजलं.

वल्हांडणाबद्दल मात्र सहकाऱ्यांशी माझं एकमत झालं नाही. त्यांना सेदेरचं, म्हणजे वल्हांडणाच्या रात्रीच्या विधिवत जेवणाचं, टेबल मांडून तेच ‘शेवटचं भोजन’ म्हणून शिकवायचं होतं. एका तासात दोन धडे होतात. माझा आक्षेप इतिहासाचाही होता. आज घरोघरी होणारा सेदेर मुख्यतः इसवी सन 70 मध्ये यरुशलेमचं मंदिर पडल्यानंतर रब्बींनी घडवला. तो उचलून येशूच्या टेबलावर ठेवणं चुकीचं, आणि ज्यांचा तो सण आहे त्यांना त्यांच्याच सणातून बाजूला सारणंही. शेवटी दोन धडे दोन वेगळ्या आठवड्यांत झाले. बाकीच्या वर्गांत अजून एकत्रच होतात.

ती मुलगी

तास सुरू होण्याआधी मी तिच्या आईला आणि तिला वेगळं भेटून विचारलं, काय हवं, काय नको. मुलीने सांगितलं, “मला विचारू नका. मी हात वर केला तर बोलू द्या.” एवढाच करार. पहिल्या दोन तासांत तिने हात वर केला नाही आणि मी तिच्याकडे पाहिलंही नाही. हे वाटतं त्यापेक्षा अवघड होतं. वर्गात उत्तर माहीत असलेलं मूल समोर बसलेलं असताना शिक्षकाची नजर आपोआप तिकडे जाते.

चौथ्या तासाला पानं भरून झाली तेव्हा ती भिंतीवर लावायची होती. तिने हात वर केला आणि आपलं पान मधे लावता येईल का, असं विचारलं. मजकुराच्या उजव्या बाजूला तिच्या जोडीदाराने लिहिलं होतं, ‘गाडी चालवणं म्हणजे काम आहे, कारण इंजिनात आग असते.’ डाव्या बाजूला तिच्या अक्षरात होतं: ‘माझी मावशी शुक्रवारी आमच्याकडे आली की शनिवारी रात्रीपर्यंत राहते, कारण ती गाडीत बसत नाही. आजोबा जेवून झाल्यावर गाडीने घरी जातात. दोघं दर वेळी यावर वाद घालतात. मग मावशी त्यांना डबा भरून देते.’